चोवीस इंचांची टोपी

मु. बोरगाव, तहसील सौंसर
चैत्र वद्य पंचमी, शके १९०६

मी, भिवाजी सखाराम कळंबे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शेती (कापूस व संत्रा), शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, राहणार बोरगाव, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाखाली नसताना, माझे साडू राजमान्य राजश्री रघुनाथराव ठोंबरे, कापसाचे अडते, पांढुर्णा, यांस पुढीलप्रमाणे लिहून कळवितो.

प्रथम नमस्कार. (आशीर्वाद लिहिणार होतो, कारण माझी पत्नी थोरली व आपली धाकटी, म्हणजे नात्याने मी वडील. परंतु वयाने आपण चार महिन्यांनी मोठे आहात हे आपण प्रत्येक पंगतीत सांगता, सबब नमस्कारावर भागवितो.) आपल्या गुडघ्यांस उतार आहे काय? सौ. अंबाबाईंचा खोकला थांबला काय? इकडे सर्व क्षेम असून संत्र्याचा आंबिया बहार बऱ्यापैकी धरला आहे. नात चि. छाया हिचे लग्न अक्षय्य तृतीयेस आमच्याच दारी आहे, हे आपणांस विदित आहेच.

आता माघात छायाचा साखरपुडा झाला त्या साक्षगंधाविषयी. आपण ते विसरला असाल. ज्याचे सर्व सुरळीत पार पडते तो विसरतो. लोधीखेड्याचे व्याही गुणवंतराव यांनी रीतीप्रमाणे आमच्याकडील वडीलधाऱ्यांस दुपट्टा-टोपी केली. अकरा टोप्या, दिसायला सर्व एकाच डझनातील, एकाच मापाच्या. माझ्या डोक्यावर जी ठेवली ती गडव्यावर वाटी ठेवावी तशी राहिली. मी मान न हलविता बसलो. पुढे कुंकू लावण्यासाठी गुणवंतराव वाकले, त्यांना मान देण्यासाठी मीही किंचित वाकलो, आणि ती टोपी पानसुपारीच्या ताटात उताणी पडली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आपल्या डोक्यावरची मात्र अशी बसली की जणू आपण तिच्यासकट जन्मास आलात. काठ सरळ, घडी धारदार. गुणवंतरावांनी एकवार माझ्याकडे पाहिले, एकवार आपल्याकडे, आणि "आजोबा हेच व्हय ना?" असे म्हणून पहिली भेट आपल्याला दिली. आपण "नाही, ते व्हय" असे म्हणालात खरे, पण गळाभेट पूर्ण झाल्यानंतर.

माझ्या घरी, माझ्या नातीच्या साक्षगंधात, पहिली भेट दुसऱ्याने घेतली. लग्नात मंडपाच्या दारी सर्व गावासमक्ष पुन्हा टोपी आहे आणि पुन्हा भेट आहे.

मी हे मत्सराने लिहीत नाही. परंतु पंचेचाळीस वर्षे मी आपली टोपी पाहत आलो आहे. आपण मारुतीपुढे तीन वेळा वाकता आणि तीन वेळा टोपीसह वर येता. मी वाकत नाही. गावात म्हणतात, भिवाजी देवापुढेही ताठ. वस्तुस्थिती अशी की माझ्या टोपीस मागून कात्रीने चीर दिलेली असते व ती काट्याने केसांत अडकविलेली असते. (केस आता काट्यापुरतेच उरले आहेत.) विधात्याने मोठे डोके काही विचारानेच दिले असेल, लहान डोक्याच्या माणसास तेवढीच टोपीची सोय, अशी मी आजवर समजूत घालीत आलो.

साक्षगंधानंतर मी सौंसरच्या बाजारात चार दुकाने पाहिली. तीन दुकानांत तेवीस इंचांपुढे माल नव्हता. चौथा दुकानदार म्हणाला, "बाबाजी, याच्याहून मोठी पायजे असन तर टोपी नाही, उशीची खोळ घ्या लागन." मी त्याच्या दुकानी पुन्हा पाय ठेवणार नाही.

मग बसने पांढुर्ण्यास आलो. (आपल्या अडतीवरून गेलो, आपण गिऱ्हाइकाशी बोलत होता, टोपी नेहमीप्रमाणे होती, मी थांबलो नाही.) तेथे उत्तम शिंपी म्हणून कारागीर आहे. त्याने टेप उचलली आणि म्हणाला, "काढा टोपी." रघुनाथराव, बाजाराचा दिवस, दुकान रस्त्यावर उघडे, समोर चहाच्या बाकावर सात माणसे. आमच्या घराण्यात पुरुष चारचौघांत डोके उघडे करतो तो केवळ मयतीस. मी त्यास बजाविले की माप टोपीवरूनच घ्यावे. तो म्हणाला, "असं कसं जमन, दादाजी? आतली टोपी किती जाड हाय मले काय मालूम?" मी गणित केले. आतल्या टोपीचे वजा करायला हवे होते हे खरे. परंतु मांजरपाट धुतल्यावर आटतो, म्हणून वजा न करता वर दोन इंच अधिक धरण्यास सांगितले. त्याने दोनदा विचारले. मी दोनदा तेच सांगितले.

टोपी आली ती भुवयांवर टेकली. मागे ढकलली तर मानेवर उतरली. तीन वेळा धुतली, तसूभर आटली नाही, कारण उत्तमने कापड आधीच भिजवून घेतले होते. (प्रामाणिक माणसाशी व्यवहार करण्यातली ही अडचण.) सध्या तिच्यात चक्का टांगला आहे.

मी त्यास जाता जाता सहज विचारले होते, रघुनाथराव तुझ्याकडूनच शिवतात काय? तो म्हणाला, "छे! त्याहिच्या टोप्या घरीच होते. बाई शिवते."

घरी आल्यावर मी सौ.स जाब विचारला. ती चक्का पिळीत होती. म्हणाली, "अंबीनं लग्नाच्या सालीच त्याहिचं डोकं मोजलं. साक्षगंधाचीबी टोपी तिनंच शिवून आदल्या रोजी लोधीखेड्याले पोचती केली. त्याहिनं ताटात तीच ठेवली." मी म्हणालो, हे मला आधी का सांगितले नाही? "तुमी इचारलं काय?" मी म्हणालो, तुलाही शिवता येते, मग तू कधी का शिवली नाहीस? तेव्हा तिने हात पुसले आणि म्हणाली, "मोजू काय? पंचेचाळीस साल झाले, तुमचं डोकं म्या पाह्यलं तरी कव्हा? झोपतानाबी टोपी."

आजवर मला आपल्या डोक्याचा हेवा वाटत होता. त्या दिवसापासून, आपण समजून घ्याल, तो दुसऱ्या गोष्टीचा वाटू लागला आहे.

असो. पत्र क्षेमकुशल कळविण्यापुरतेच होते. लग्नास सहकुटुंब यावे.

आपला नात्याने वडील,
भिवाजी सखाराम कळंबे

ता. क. सोबत सुतळी जोडली आहे. गाठीपासून गाठीपर्यंत मोजावे. सौ. अंबाबाईंस वेळ असल्यास तेवढ्या मापाची एक टोपी शिवून परस्पर लोधीखेड्यास पोचती करावी व गुणवंतरावांस सांगावे की ती ताटात सर्वांत वर ठेवावी. कोणासाठी हे सांगण्याची गरज नाही. सुतळी पाहून सौ. अंबाबाईंना समजेल.

ता. क. दुसरा. टोपी सौ.च शिवणार होती. तिने माप घेतले, कापडही बेतले, पण डोळ्यांत पाणी येऊन टाके दिसेनात. (मोतीबिंदू असावा.) म्हणून आपल्याकडे पाठवीत आहे.

ता. क. तिसरा. सुतळी चोवीस इंच भरली. सौ. म्हणते, अंबाबाईंच्या सांगण्याप्रमाणे आपले माप साडेचोवीस आहे. हे मला मान्य नाही. तथापि ही गोष्ट मंडपात निघू नये, आणि भेटीच्या वेळी आपण माझ्या मागे उभे राहावे. राहाल काय?

माप घेताना समक्ष हजर साक्षीदार:
१) दत्तात्रय भिवाजी कळंबे, मुलगा. भिंतीकडे तोंड करून हजर.
२) सौ. यमुना भिवाजी कळंबे, पत्नी. सुतळी हिनेच धरली. दाराची कडी लावलेली होती. माप एकदा बरोबर आले असताना हिने तीन वेळा घेतले. मी हरकत घेतली नाही.