टेकूला मोकळे करण्याबाबत

मी, चित्रकथांच्या पेन्सिलरेघांवर शाई चढवण्यात आयुष्य घालवलेली बाई, आज पूर्ण शुद्धीत आहे आणि कोणी माझा हात धरून हे लिहून घेत नाही. माझ्यामागे भांडणे होऊ नयेत म्हणून हे मृत्युपत्र करते. झालीच तर निदान मुद्द्यावर व्हावीत.

घर मुलाला. तो ते विकणार हे मला ठाऊक आहे, खुशाल विकावे. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी जरा उचलून लावावी लागते, हे घेणाऱ्याला सांगावे. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी.

धाकटे दीर आमच्या अंकांचे प्रकाशक. त्यांनी मुखपृष्ठावर माझे नाव कधी छापले नाही. "वहिनी, घरच्याच माणसाचं काय नाव टाकायचं?" असे म्हणत. त्यांना भिंतीवरचे घड्याळ द्यावे. किल्ली देऊ नये.

आता टेकू. यजमानांनी आणि मी मिळून केलेला हा महानायक फारसा कोणाला माहीत नाही, म्हणून लिहिणे भाग आहे. मुळात तो उडणार होता. यजमानांनी दोन्ही हात वर करून झेपावणारा माणूस काढला आणि मापासाठी त्याच्या पायाखाली एक रेघ मारली. ती खोडायची होती. मी ती शाईने पक्की केली. अंक छापून आला तर हा जमिनीवर उभा राहून चौकटीची वरची कड पेलतोय! दीर कपाळाला हात लावून बसले. यजमान मात्र पोट धरधरून हसले आणि म्हणाले, "असू दे. हा धरून ठेवणारा."

तेव्हापासून टेकूने हात लावला की कोसळणारी वस्तू थांबते. बाकी त्याला काही येत नाही. माणसे बाहेर पडली की त्यांनीच वासे-खांब आणून त्याला सोडवायचे. महानायक म्हणून तो डावाच, खलनायक त्याच्या डोळ्यांदेखत निघून जात. पण इतर नायकांच्या गोष्टींत लोक नुसते माना वर करून बघतात, टेकूच्या गोष्टीत त्यांना कामाला लागावे लागे. मला तो त्यासाठी आवडतो.

शेवटच्या अंकात तो शाळेचे छत धरून उभा आहे. मुले बाहेर पडली. पुढच्या अंकात त्याची सुटका व्हायची होती, त्याआधी यजमान गेले आणि मालिका बंद पडली. टेकू अजून तिथेच आहे. मी स्वतः ते पान काढून पाहिले, पण कोऱ्या कागदावर माझा हात चालत नाही. टेकू बटाट्याच्या पोत्यासारखा दिसला.

मुलीच्या पेन्सिलीत बापाचे वळण आहे. ती काकाकडे ठोसेबाज नायक काढते. मी तिला टोचून बोलले, तेव्हा ती म्हणाली, "आई, नुसतं धरून उभं राहणाऱ्याला कोण विचारतं? तूही तशीच उभी राहिलीस. तुला कोणी विचारलं?" मी तिला दार दाखवले नाही, पण ती गेली आणि आलेली नाही. तिचे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते.

टेकूचे सर्व हक्क, मूळ पाने आणि माझे ब्रश मुलीला द्यावेत. अट एकच: पहिल्या पानावर त्याला छताखालून बाहेर काढावे. पुढे तिच्या मर्जीप्रमाणे, हवे तर ठोसेही मारू देत.

मात्र मी जिवंत असताना ती ते पान पेन्सिलीने काढून घेऊन आली, तर ही अट रद्द समजावी. शाई मी चढवीन.

स्थळ: माझे घर, खिडकीजवळचे मेज
दिनांक: साक्षीदारांनी सह्या केल्या तो
सही: शाईवाली

साक्षीदार: डॉक्टरीणबाई. तपासले, बुद्धी शाबूत आहे. रक्तदाब मुलीच्या कलमापाशी वाढला.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे शिंपी. वाचून सही केली. पोरीचा पत्ता माझ्याकडे आहे. हे तिला बाईंच्या माघारी वाचायला मिळण्याआधी मी आजच जाऊन सांगणार आहे.