रंग कधीपासून बदलला

आई, आज एका बाईचं रक्त तपासायला आलं. किडनीवरच्या दोन्ही ग्रंथी काढलेल्या, मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ. तुझंच दुखणं. अशा रोग्यांच्या रक्तात एका हार्मोनचा कच्चा माल मोजायचा, हेच माझं इतक्या वर्षांचं काम. खालच्या ग्रंथी गेल्या की वरच्या गाठीला आवर राहत नाही. ती कच्चा माल सोडत राहते, आणि त्याचाच एक तुकडा कातडी काळवंडवतो. बाबांच्या भाषेत, भट्टी बंद आणि खनिजाच्या वॅगनी येतच आहेत. तुला हे कुणी सांगितलं नाही. तेव्हा फारसं कुणाला माहीतही नसावं.

नागपूरहून त्या ग्रंथींचं ऑपरेशन करून तू सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये परतलीस, तेव्हा पोलादाचा कारखाना अर्धाच बांधून झाला होता. बाबा कोक ओव्हनवरून, कोळसा भाजायच्या भट्टीवरून, काळेठिक्कर येत आणि मोरीतून उजळ होऊन निघत. तुझं काळं मात्र निघेना. आधी टाक्यांचा व्रण, मग बोटांची पेरं, तळहाताच्या रेषा, हिरड्या. मी बेसनानं तुझे हात घासायची. लागण होईल म्हणून शेजारणी हळदीकुंकवाला बोलावेनाशा झाल्या, तेव्हा तू मला जवळ बसवून शिकवलंस, "कोनी इचारलं त सांगजो, पयलेपासूनच अशी हाय." मी सगळ्यांना तेच सांगत सुटले. शाळेतल्या बाईंनासुद्धा.

पुढे तुझं डोकं दुखायला लागलं. बाबांची शिफ्ट होती, तुला हिंदी धड येत नव्हती, म्हणून दवाखान्यात मी सोबत आले. अकरा वर्षांची होते. डॉक्टरांनी तुझ्या पेरांवरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, रंग कब से बदला? तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, पहले से ऐसी ही है. त्यांनी तसंच कागदावर लिहिलं. बाहेर आल्यावर तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. "बरं सांगतलं, माय." सुपेल्याच्या बाजारात मला लाल रिबिनी घेऊन दिल्यास. नंतर वाढती गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबू लागली असावी, बाजूनं येणारी सायकल तुला दिसेनाशी झाली. तू दाराच्या चौकटीला धडकायचीस आणि स्वतःवरच चिडायचीस. पुढची दिवाळी तू पाहिली नाहीस.

खरं सांगितलं असतं तरी त्या काळी काय झालं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले आहे. पण आई, त्या माणसानं गाठीपर्यंत नेणारा बरोबर तोच प्रश्न विचारला होता. उत्तरासाठी हातातलं पेन खाली ठेवून थांबला होता. तेवढं माझ्या मनातून जात नाही.

हे पत्र टाकायचं कुठे? घडी घालून कपाटात, त्या रिबिनींजवळ ठेवते आहे. एक कबूल करायचं राहिलं. मी ते वाक्य इतक्या वेळा सांगितलं की आता डोळे मिटले तरी तू मला काळीच दिसतेस. आधीची तू मला आठवत नाहीस.