तुमच्या बुटाची नाडी

अहो,

काल रविवारी अर्कावती नदीच्या काठाने संगमापर्यंत जाणाऱ्या आपल्या पायवाटेचा नववा टप्पा झाला. तुमच्याशिवाय पहिलाच. काल जे कळलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. तोंडावर सांगायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, म्हणून पत्र.

मी जाणार नव्हतेच. पण आपल्या गटाचे दिनेशअण्णा चामराजपेटेतल्या घरी येऊन बसले, आणि निघताना तुमची शिट्टी माझ्या हातात ठेवून गेले. सात वर्षं, दर भटकंतीत, तुम्ही चौदा जणांचं शेपूट होतात ना, सगळ्यांच्या मागे चालणारे. आता ते काम माझं, असं परस्पर ठरलं होतं. मला विचारलं कोणी? मी तर कायम पुढे पळणारी.

त्यावरून आपली किती भांडणं झाली, आठवतं? मी टप्प्याच्या शेवटी ताटकळत उभी, आणि तुम्ही अर्ध्या तासाने डुलत डुलत. का, तर बुटाची नाडी सुटली. दर वेळी नाडी! गेल्या खेपेला मी सगळ्यांदेखत बोलले, "साधी गाठ मारता येत नाही, आणि म्हणे इंजिनिअर." तुम्ही हसलात. परतताना बसमध्ये मी शेजारी बसले नाही. तो तुमचा शेवटचा टप्पा ठरेल, हे मला कुठे ठाऊक होतं?

काल तुतीचे मळे संपले आणि चढ लागला. सगळ्यांत मागे विमलाकाकू, आपल्यातल्या वयाने सर्वांत मोठ्या. मी मागून "चला काकू, चला" करत होते. त्या आणखीच गडबडल्या आणि शेवटी बांधावर बसल्या. म्हणाल्या, "स्वल्प थांब गं. माधव असता तर एव्हाना तीनदा नाडी बांधायला बसला असता."

मला काहीच कळेना.

"अगं, ती सुटलेली नसायचीच. मला दम लागला की तो खाली बसायचा, बांधलेली सोडून पुन्हा बांधायचा. माझ्यामुळे थांबलो असं कुणाला वाटू नये म्हणून."

सात वर्षं, अहो! एका शब्दाने सांगितलं असतंत तर? मी तुम्हाला तीनदा नव्या नाड्या आणून दिल्या. दोन तुम्ही निमूटपणे ओवल्यात, तिसरी जोडी खणात कोरीच आहे. तुमचा राग आला, माझा त्याहून जास्त. तिथेच बसून रडले. काकूंना तेवढाच दम खायला मिळाला.

पुढच्या चढावर त्यांचा श्वास ऐकू आला आणि मी थांबले. पण माझ्या पायात पट्ट्याच्या सँडल, बांधणार काय? मग खडा गेल्याचं निमित्त करून सँडल झटकत बसले. काकूंनी ओळखलंच असणार. आम्ही दोघी सगळ्यांच्या कितीतरी नंतर पोचलो. दिनेशअण्णांनी घड्याळ बघितलं.

पुढच्या महिन्यात दहावा टप्पा. शेपूट मीच. आज नाडीचे बूट आणले आणि खणातली ती कोरी जोडी त्यात ओवली. काकूंना संगमापर्यंत नेईन. उशीर का झाला असं कुणी विचारलं, तर नाडी सुटली होती, एवढंच सांगेन.

तुमची,
आता सगळ्यांच्या मागून येणारी
सुमन