त्यांचा अंतर्गत प्रश्न

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा पुस्तकबांधणी, राहणार बांधणीखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जाग्यावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तो देण्यापूर्वी त्यांनी मला अर्थमंत्र्यांचे नाव विचारले. मी ते विशेषणासकट सांगितले. कोणी मला भरीस घातलेले नाही. उलट मुलगी म्हणते, "आई, राहू दे गं आता ते." पण राहू देणे माझ्या हातून आधीच फार झाले आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझ्या पश्चात सर्व व्यवहार पाहण्यासाठी माझ्या पाठच्या भावाला नेमले होते. ते मृत्युपत्र या लिखाणाने रद्द समजावे. धाकट्याच्या जागी हे मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाईंना नेमत आहे. कारण पुढे येईल.

कलम पहिले. घर. वरच्या दोन्ही खोल्या, गच्चीवरच्या हक्कासह, माझ्या एकुलत्या एका मुलीला. विकायच्या असतील तर खुशाल विकाव्यात. आईबापांची आठवण म्हणून गळक्या छताखाली राहण्याची सक्ती नाही. तिचे वडील तुरुंगात गेले तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. वर्गातल्या मुली विचारत, "तुझ्या बाबांनी काय चोरलं?" ती सांगे, "काही नाही, पुस्तकं नेली." त्यावर कोणाचा विश्वास बसत नसे. त्या पोरीने घरात कधी त्याबद्दल ब्र काढला नाही. मला हे तिच्या लग्नानंतर कळले.

कलम दुसरे. बांधणीखाना. खालची जागा, कापायचे यंत्र, पुस्तके दाबायचे दोन्ही शिकंजे, शिलाईच्या चौकटी, ठशांचा पेटारा आणि धंद्याचे नाव हे सर्व खळ्या आणि आमची शिलाईवाली यांना निम्मे निम्मे. खळ्या हे त्याचे खरे नाव नव्हे. खळ तो अशी शिजवतो की बोट घातले तर बोटही पुठ्ठ्याला चिकटून राहावे, म्हणून ते पडले. दोघांचे एकमेकांशी पटत नाही. म्हणूनच निम्मे निम्मे. भांडतील, पण एकमेकांना फसवणार नाहीत, कारण दोघांचेही लक्ष दुसऱ्याच्या हाताकडे असते.

आता यांच्याबद्दल लिहायला हवे. यांच्याबद्दल म्हणजे माझ्या यजमानांबद्दल. त्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

आमच्या धर्मग्रंथाची खिशात मावेल अशी प्रत आम्ही बांधत असू. जुजबंदीची, म्हणजे पानांच्या जुड्या दोऱ्याने एकमेकींत गुंफणारी शिलाई, कापडी कणा, वर सोनेरी ठसा. सीमेपलीकडच्या देशात आमच्या धर्माचे लोक थोडे आहेत, त्यांच्याकडून मागणी येई. एकदा वाटेत माल भिजला, म्हणून पुढच्या वेळी हे स्वतः खोक्यांबरोबर गेले. कागदपत्रे चोख होती. खोकी वाटेवर असतानाच तिकडच्या सरकारने ग्रंथावर बंदी घातली. सीमेवरचा अंमलदार यांना म्हणाला, "काल आला असता तर चहा पाजून सोडलं असतं."

यांना आत टाकले. पुस्तके कागदाच्या गिरणीत लगद्याला जायची होती, पण गिरणीवाल्यांना दोरा, कापड आणि पुठ्ठा चालेना. तेव्हा कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघाले की, बांधणारा हाताशी आहे, त्यालाच उसवायला बसवा. यांनी स्वतः बांधलेली पुस्तके एकेक करून उसवली. शिलाई पक्की, लवकर सुटेना. पहारेकरी खेकसत, "इतकं घट्ट बांधायला कुणी सांगितलं होतं?" हे म्हणाले, "गिऱ्हाईकानं."

हे मला पुढे कळले. तेव्हा एवढेच कळले होते की, हे परत आले नाहीत.

धाकटा परराष्ट्र खात्यात होता, आणि सीमेपलीकडचा तो देश त्याच्याच टेबलावर होता. मी त्याच्या कचेरीत गेले. त्याने दार लावून घेतले, मला खुर्ची दिली, माझ्या हातावर हात ठेवला.

"ताई, सरकारं ओरडत नसतात," तो म्हणाला. "ओरडलं की समोरचा हट्टाला पेटतो. सरकारं कानात सांगतात."

"मग कानात तरी सांग."

"सांगतो. पण एक कर. तुम्ही लोकांनी बाहेर बोंबाबोंब करू नका. वर्तमानपत्रवाले येतील, त्यांना दारातूनच परत पाठव. माझ्यावर सोपव."

मी सोपवले. वर्तमानपत्राची एक मुलगी तीनदा आली. तिन्ही वेळा मी तिला पाणी देऊन वाटेला लावले. आमच्या समाजातल्या बायका मंत्रालयासमोर बसायला निघाल्या होत्या. मी घरोघर जाऊन त्यांचे पाय धरले. म्हटले, माझा भाऊ आत बोलतो आहे, त्याचे काम बिघडवू नका. माझ्या शब्दाखातर त्या घरी बसल्या. धाकट्याने नुसते माझे तोंड बंद केले नाही, माझ्याकडून सगळ्यांची तोंडे बंद करवली.

पुढच्या महिन्यात त्याच देशाशी गॅसच्या नळाचा करार झाला. दोन देशांचे झेंडे, हारतुरे, फोटो. एका वार्ताहराने ग्रंथबंदीविषयी विचारले. धाकट्याने माईक पुढे ओढला आणि म्हणाला, "तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे." मी खळ्याबरोबर खाली बांधणीखान्यात रेडिओ ऐकत होते. खळ्या म्हणाला, "बाई, हे बाहेरचं बोलणं. आतलं वेगळं असेल." मी म्हटले, "असेलच." आणि खरेच तसे मानले. माणूस बुडायला लागला की भावाच्या शब्दालाही ओंडका समजतो.

अडीच वर्षांनी यांना सीमेवर आणून सोडले. कोणी सोडवले ते कळले नाही; अर्थात धाकट्यानेच, असे मी धरले. त्याच्या घरी मिठाई घेऊन गेले. त्याने ती घेतली. हे पुन्हा लिहिते. त्याने ती घेतली.

हे परत आले ते निम्मे. शिलाईच्या चौकटीपुढे बसवले की बोटे टाका घालण्याऐवजी टाका शोधायची आणि उसवायची. शिलाईवाली यांच्या हातातून काम काढून घेई आणि वर रागावल्याचे सोंग करी. तिचे माझ्यावर हे उपकार आहेत, ते निम्म्या बांधणीखान्याने फिटत नाहीत.

मग काही वर्षांनी एक बाई आमचा पत्ता शोधत आली. एका लांबच्या देशाची राजदूत म्हणून ती सीमेपलीकडच्या त्या देशात नेमणुकीवर होती, आता बदलून आमच्या राजधानीत आली होती. तिच्या देशात आमच्या धर्माचा माणूस औषधालासुद्धा सापडायचा नाही. यांच्या सुटकेची मागणी तिने सगळ्यांदेखत, भर बैठकीत केली होती, आणि ती मान्य होईपर्यंत प्रत्येक बैठकीत तोच विषय काढला होता. चहा घेता घेता यांनी तिला विचारले, "बाई, आमच्या ग्रंथातलं तुम्हाला काय आवडलं?"

ती ओशाळली. "मी तो वाचलेला नाही."

"मग इतकं भांडलात कशाला?"

"वाचायचा की नाही ते मी ठरवायचं ना? तिथल्या फौजदारानं का ठरवायचं?"

हे खूप दिवसांनी हसले. मग ती सहज बोलून गेली, "तुमच्या सरकारनं एक शब्द जरी टाकला असता तर निम्म्या वेळात झालं असतं. मी तुमच्या अधिकाऱ्याला बाजूला घेऊन विचारलंही होतं. म्हटलं, उघड नको, खाजगीत तरी माझ्या पाठीशी राहा. तो म्हणाला, आमचं या विषयावर काही म्हणणं नाही."

"कोण अधिकारी?" मी विचारले.

तिने आडनाव सांगितले. ते माझे माहेरचे आडनाव होते.

कलम तिसरे. बँकेतली ठेव. ही मी पूर्वी आमच्या प्रार्थनाघराच्या वाढीव सभागृहासाठी लिहून ठेवली होती. ते दान रद्द. प्रमुखांना वाईट वाटेल, वाटू द्यावे.

कारण असे. हे हयात असतानाच आमच्या स्वतःच्या सरकारने नदीकाठच्या वस्तीतल्या लोकांच्या ग्रंथावर बंदी घातली. त्यांचा धर्म वेगळा, लोक मूठभर. त्यांच्या एका शाळामास्तराला प्रती वाटल्या म्हणून पकडले. बाहेरच्या एका देशाने निषेध केला. आमच्या सरकारने उत्तर दिले की, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. आणि आमच्या प्रार्थनाघरात प्रमुखांनी उभे राहून सरकारचे अभिनंदन केले! म्हणाले, बाहेरच्यांनी आपल्या घरात नाक खुपसू नये.

हे मागच्या बाकावर होते. काठी टेकत उठले. "मग आपण कशासाठी रडत होतो?"

प्रमुख म्हणाले, "आपलं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? शिलाई?"

ज्या बायकांचे मी एके काळी पाय धरले होते, त्यांतल्या दोघी यांच्यामागून उठून बाहेर आल्या. बाकीचे मान खाली घालून बसले. हे त्यानंतर प्रार्थनाघरात गेले नाहीत. घरीच प्रार्थना करीत, आणि त्यात मास्तराचे नाव घेत. त्या वर्षाअखेर हे गेले.

सबब, ठेवीची सर्व रक्कम त्या शाळामास्तराचा खटला लढवण्यासाठी द्यावी. तो सुटला असल्यास त्याच्यासारख्याच पुढच्या माणसासाठी. तो कोणत्या धर्माचा आहे हे वकीलबाईंनी विचारू नये. बांधणीखान्यात बंदी असलेला कोणताही ग्रंथ बांधून मिळावा अशी अटही मी कलम दुसऱ्यात घालणार होते. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, ही अट कोर्टात टिकायची नाही आणि खळ्या मात्र आत जाईल." म्हणून अट नाही. शिलाईवालीला तोंडी सांगितले आहे. ती म्हणाली, "तुम्ही नका काळजी करू, टाके माझे आहेत."

कलम चौथे. माझ्या दोन सोन्याच्या बांगड्या भावजयीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला. हे तुरुंगात असताना ती नवऱ्याला न सांगता येई, खाली बसून पुठ्ठे कापी आणि संध्याकाळी हात धुऊन घरी जाई. तिला काय ठाऊक होते आणि काय नव्हते, ते मी कधी विचारले नाही. बांगड्या तिने स्वतः वापराव्यात, सुनेला देऊ नयेत.

कलम पाचवे. धाकटा.

लांबच्या देशाची बाई येऊन गेल्यावर मी त्याला गाठले होते. तो नाकारत बसला नाही, एवढे त्याच्या बाजूने लिहिते. म्हणाला, "ताई, मी बोललो असतो तर मला त्या टेबलावरून उठवलं असतं. मग आत तुझं कोण उरलं असतं?"

"तू उरलास त्याचा काय उपयोग झाला?"

"आणि आज आपण त्यांना विचारलं की उद्या ते आपल्याला विचारणार. आपले हात स्वच्छ आहेत का?"

यात खोटे काही नव्हते. नदीकाठच्या वस्तीचे झाले तेव्हा मला त्याचे हे वाक्य आठवले. पण मी त्याला तेव्हा म्हटले, आणि आजही म्हणते, की आपले हात घाण आहेत तर ते धुवावेत. म्हणून दुसऱ्याच्या बुडणाऱ्या माणसाला हात द्यायचा नाही, हा कुठला न्याय? आणि इथे तर बुडणारा दुसऱ्याचाही नव्हता. देशाला करार लागतात, गॅस लागतो, मला कळते. माझीही शेगडी त्याच गॅसवर चालते. नाही बोलता येत असे त्याने मला सांगितले असते, तर मी रस्त्यावर बसले असते, वर्तमानपत्राच्या मुलीला घरात घेतले असते. त्याने माझ्याकडून ते काढून घेतले आणि बदल्यात काहीच दिले नाही.

तरी मी त्याच्याशी बोलणे टाकले नाही. आईवेगळा झाला तेव्हा तो माझ्या कडेवर होता. माझे जुने मृत्युपत्र तसेच राहिले, त्याचे नावही.

गेल्या महिन्यात त्याचे व्याख्यान रेडिओवर लागले. विषय होता, परदेशात धर्मग्रंथांवर बंदी आली तर सरकारने आक्षेप घ्यावा का. निवृत्त झाल्यापासून तो अशी व्याख्याने देतो. तो म्हणाला, गाजावाजा न करता काम होते, आणि दाखला म्हणून त्याने माझ्या यजमानांची गोष्ट सांगितली. नाव घेतले नाही, "माझ्या जवळचे एक कारागीर" म्हणाला. आपण कानात कसे सांगितले, किती धीर धरला, शेवटी त्यांना कसे सोडवून आणले. टाळ्या पडल्या. हे नाहीत आणि ती परदेशी बाई तिच्या देशी निवृत्त झाली, म्हणून त्याला वाटले असेल, आता कोण बोलणार. मी बोलते. वरील हकीकत खरी आहे, आणि वकीलबाईंनी ती त्या रेडिओ केंद्राकडे माझ्या सहीनिशी पाठवावी. त्यांनी वाचून दाखवली तर ठीक. नाही दाखवली तर छापून गावभर वाटावी, छपाईचा खर्च ठेवीतून.

माझ्या कोणत्याही मिळकतीत धाकट्याचा हक्क नाही. माझ्या अंत्यविधीला मात्र त्याला बोलवावे. पहिल्या रांगेत बसवावे, मुलीच्या शेजारी. लोक त्याला दोन शब्द बोलायचा आग्रह करतील, तो उठेलही. त्याला बोलू देऊ नये. गप्प बसणे त्याला चांगले जमते, एवढा एक दिवस माझ्यासाठी बसावे. रडू आले तर रडू द्यावे, कोणी अडवू नये.

हे सर्व मला वाचून दाखवले, मीही चष्मा लावून वाचले, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि प्रत्येक पानावर सही केली आहे.

सही : बांधणीवाली

साक्षीदार पहिल्या : समोरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई
साक्षीदार दुसरे : आमच्या गल्लीचे निवृत्त पोस्टमन
(दोघांनाही यातून काही मिळत नाही. दोघांचाही धर्म माझ्याहून वेगळा आहे. सही करा म्हटल्यावर दोघांनी कारण विचारले नाही.)

ठिकाण : बांधणीखाना, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्याखाली घातला आहे तो