दोन टिचबटणं

शनिवार, संध्याकाळ. कर्वेनगर.

काय करून बसले मी हे. अर्धांगाच्या झटक्यापासून यांचा उजवा हात चालत नाही, तरी दर रविवारी टेकडीवर घाणेरीची झुडपं तोडायला जायचंच असतं. मागच्या खेपेला कोयता पेपरात गुंडाळून पिशवीत नेला. पाय घसरला आणि पातं पिशवी फाडून मांडीला घासून गेलं.

म्हणून आज शनिवार पेठेतून म्यान आणलं. दुकानात दोन होती. लाकडी म्यानातून कोयता एका हाताने निघत होता. चामड्याच्या म्यानावर दोन घट्ट टिचबटणं, ती उघडायला दोन्ही हात हवेत. मी चामड्याचं घेतलं. जास्त सुरक्षित म्हणून. हो ना?

घरी यांनी कोयता आत घालून ते माझ्याकडून कमरेला बांधून घेतलं. डाव्या हाताने टिचबटणांशी झगडत राहिले. शेवटी म्यान कमरेवरून सोडून दातांनीसुद्धा ओढून पाहिलं. मी चहा गाळता गाळता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होते, मदतीला गेले नाही.

मग शांतपणे म्हणाले, "म्यान कोयत्याला आणलंस की मला?"

दुकान अजून उघडं असेल. बदलून आणलं, तर उद्या हे खरंच जातील.