माझ्या खड्ड्यात मीठ कोण घालतं?

४ जानेवारी
माझ्या पोरीचं, तेरेतियाचं, लग्न ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी. नक्की झालं. जावई बौरो चांगला मुलगा आहे, कमी बोलतो. आमच्या बेटावर लग्नात लोक नवरीकडे नंतर बघतात, आधी नवरीच्या बापाने खड्ड्यातून काढलेली बाबाई बघतात. अळू काय, कुणीही लावतं. पण त्याच जातीतली बाबाई, जमिनीतलं गोडं पाणी लागेपर्यंत खणलेल्या खड्ड्यात वर्षानुवर्षं पोसायची आणि तिचा कंद दोघांनी काठीला बांधून खांद्यावरून आणावा लागेल एवढा करायचा, याला घराणं लागतं. माझी बाबाई तेरेतिया जन्मली त्या वर्षीची आहे. गावच्या सभाघरात, मानेआबात, सगळ्यांसमोर सांगून आलो, की दोन गडी तयार ठेवा.

खताचं गुपित आजोबांनी वडिलांना दिलं, वडिलांनी मला. कुठली पानं, कुठल्या क्रमाने, चंद्र कसा असताना. माआरोलासुद्धा सांगितलेलं नाही आणि ती माझी बायको आहे. शेजारच्या खड्ड्यावरून कैतू जन्मभर मान उंच करून बघतोय. बघ म्हणावं.

९ जानेवारी
माआरो म्हणते, विहिरीचं पाणी मचूळ झालंय, चहा खारट लागतो. मी म्हटलं तुझी जीभ बिघडलीय, तुझ्या माहेरच्या बेटावरच्या सगळ्यांच्याच जिभा तशा. सिद्ध करायला दोन कप प्यायलो. फर्स्ट क्लास. नंतर दुपारभर नारळाचं पाणी पीत बसलो, पण त्याचं कारण वेगळं होतं.

बाबाईच्या एका पानाची कड पिवळी पडलीय. वयाप्रमाणे होतं. माझीही मिशी पिकली.

१४ जानेवारी
राजधानीहून, तारावाहून, सरकारी सर्व्हेची पोरगी आलीय. तिओरेती नाव. मानेआबात तासभर बोलली. धक्क्यावरचं यंत्र कित्येक वर्षं समुद्राची पातळी मोजतंय, वरून उपग्रह मोजतायत, समुद्रात थर्मामीटर सोडलेत, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, पाणी तापतंय, फुगतंय, चढतंय. आपलं गोडं पाणी म्हणे खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगतं, आणि खालून समुद्र चढला की साय फाटते.

मी म्हटलं, पोरी, समुद्र आजोबांच्या वेळेपासून इथेच आहे आणि आम्हीही इथेच आहोत, आमची जुनी ओळख आहे, मध्ये तू कशाला? सगळे हसले. मला बरं वाटलं.

मग तिला प्रत्येकाच्या खड्ड्यात मीठ मोजायचं मीटर बुडवायचं होतं. मी साफ नाही म्हणालो. त्या यंत्राने खतात काय काय घातलंय तेही कळत असणार. कैतूही नाही म्हणाला. याला काय लपवायचंय?

१९ जानेवारी
खड्ड्यातलं पाणी बोटाने चाखलं. खारट. आज माझ्या जिभेला काही झालेलं नाही.

आता सरळ हिशोब. खड्ड्यात मीठ आपोआप येत नाही. कुणीतरी घालतं. कैतू. लग्नात माझी बाबाई बारकी निघावी म्हणून समुद्राच्या पाण्याच्या बादल्या ओततोय. ताबडतोब जाऊन गचांडी धरणार होतो, पण माआरो म्हणाली पुरावा काय? बरोबर आहे. असा पुरावा गोळा करायचा की सरकारने तोंडात बोट घालावं. खड्ड्यात खुणा केलेली काठी रोवली. रोज चाखायचं, रोज मोजायचं, रोज लिहायचं.

२ फेब्रुवारी
मोठा शोध लागला! कैतू फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच पाणी ओततो. मधल्या दिवसांत पाणी जरा निवळतं. शिवाय भरतीचीच वेळ साधतो, म्हणजे लाटांच्या आवाजात बादली ऐकू येऊ नये. माणूस नालायक आहे, पण डोकं आहे.

१८ फेब्रुवारी
कैतू दाढ काढायला आठवडाभर तारावाला गेलाय. काल अमावास्या होती. पाणी चक्क एक वीत चढलं, आणि आजवरचं सगळ्यात खारट. यावरून सिद्ध झालं की त्याला साथीदार आहे. बहुतेक त्याची बायको. तिचे गुडघे गेलेत आणि ती काठीशिवाय उठत नाही, पण हे नाटकही असू शकतं.

४ मार्च
काल उधाण आलं. समुद्र रस्ता ओलांडून डुकरांच्या खोपटात शिरला आणि तिथून खड्ड्याच्या काठापर्यंत आला. वडिलांच्या थडग्यावर गुडघाभर पाणी होतं. मला ते बघवलं नाही.

माआरो म्हणाली, बघा, आला तुमचा कैतू, बादली न घेता आला. मी शांतपणे समजावलं की समुद्र एक दिवस येऊन गेला, बाकीच्या दिवसांचं काय? डुक्कर चर्चच्या पायरीवर चढून बसलं होतं, ते उतरवायला ती निघून गेली.

बाबाईला आता दोनच हिरवी पानं आहेत. सगळी ताकद कंदात उतरतेय.

९ मार्च
तिओरेती घरी आली. तेरेतियाने तिला माझ्या मोजणीबद्दल सांगितलं वाटतं. पोरगी म्हणाली, काका, रोजच्या रोज इतकं बारकाईने मोजलेलं आख्ख्या प्रोजेक्टमध्ये कुणाकडे नाही, दाखवा ना. मी म्हटलं, प्रकरण सुरू आहे, पुरावा फोडता येणार नाही.

मग खड्ड्याकडे लांबूनच बघून म्हणाली, ती आत्ताच काढा काका, निम्मीशिम्मी तरी हाती लागेल, ईस्टरपर्यंत सडेल. तेरेतिया रडायला लागली. बाबा, लहान चालेल मला, काढा ना. मी म्हटलं, तुला चालेल, मला चालणार नाही. माझ्या पोरीची बाबाई लोकांनी चिमटीत धरून आणायची नाही.

२१ मार्च
मानेआबात कैतूवर आरोप ठेवला. तारखा, चंद्र, भरती, किती बोटं पाणी, सगळं वाचलं. तिओरेती भराभरा उतरून घेत होती. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग कैतू बसल्या जागेवरून बोलायला लागला. म्हणाला, मीही मोजलंय, तारावाला होतो तेवढे दिवस बायकोने मोजलं. हा माझ्या खड्ड्यात खारं पाणी ओततो. आणि कैतूने तारखा वाचल्या! त्याच तारखा, तेच चंद्र. त्याची बाबाई म्हणे गेल्या वर्षीच मेली, नाचक्की नको म्हणून वर झावळ्या टाकून ठेवल्या होत्या.

म्हातारे तेबानो म्हणाले, तुम्ही दोघं भर भरतीत एकमेकांकडे पाणी वाहत होतात, तर वाटेत कधी टक्कर कशी झाली नाही? लोक हसून लोळायचे बाकी राहिले.

आमच्या दोघांच्या पुराव्यात एका बोटाचाही फरक नाही. कैतूने माझी किती हुबेहूब नक्कल केलीय!

२५ मार्च
तिओरेतीला माझे आकडे दिले. एका अटीवर. कारणाच्या रकान्यात तिने समुद्र लिहिलं होतं, तिथे कैतूचंही नाव घालायचं. विचार करते म्हणाली.

५ एप्रिल
आज बाबाई काढली. ठरल्याप्रमाणे दोन गडी काठी आणि दोर घेऊन आले. अर्धा गाव काठावर. कैतूही.

देठाला हात लावला तर देठ हातातच आला. खाली काळा चिखल आणि घाण वास. खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं. नारळाएवढं काहीतरी लागलं, वर काढलं, बोटांतून गळून गेलं. गडी काठी धरून उभे. त्यातला एक हळूच म्हणाला, काका, काही न्यायचंय का?

माआरोने दोन टोमणे मारले असते तर बरं झालं असतं. मी खड्ड्यात बसून रडलो, सगळ्यांसमोर. कैतू खाली उतरला, मला हात देऊन वर काढलं. त्याचा हात ओला नव्हता, हे मी नोंदवून ठेवतो.

६ एप्रिल
लग्न झालं. मी तांदळाची पोती आणि डब्यातलं मटण ठेवलं. व्याही म्हणाले, तांदूळ छान आहे हो. भला माणूस.

दुपारी बौरोला बाजूला घेतलं. मला मुलगा नाही, तेव्हा गुपित आता त्याचं. सगळं सांगितलं. कुठली पानं, कुठल्या क्रमाने, चंद्र कसा असताना. जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोललो. पोराने मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं, एक शब्द चुकू नये म्हणून परत म्हणून दाखवलं.

मग अगदी अदबीने विचारलं, बाबा, पण लावायची कुठे?

मी म्हटलं, तेवढं आजोबांनी सांगितलं नव्हतं.