खुटबाव ते खुटबाव, व्हाया नैरोबी

खुटबाव, ता. दौंड
१५ फेब्रुवारी २००४

प्रिय प्राची,

जय भीम. तुझं पत्र आणि ऑफिसातला फोटो दोन्ही पोचले. फोटोत तुझ्या मागच्या टेबलावर केळी दिसली, त्यावरून तुझ्या आईनं असा निकाल दिलाय की तुला तिथं जेवायला मिळत नाही. मी सांगितलं, नैरोबीत मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा खातात, पोट भरतं. ती म्हणाली, "मंग तेच म्हंते मी, जेवायला मिळत न्हाई." तर आता ज्वारीचं पीठ कुठंतरी मिळायला लागलं असं, खोटं का होईना, तिला लिहून टाक. म्हणजे मला इथं दोन घास सुखानं जातील. बाकी आमच्या तब्येती चांगल्या आहेत. सुमित मागच्या रविवारी खराडीहून आला होता, आणि आला तसा माझ्याच मागे लागून गेला.

त्याचं म्हणणं तुला ठाऊक आहे. रेल्वेतून रिटायर झालो तेव्हा आजोबांच्या वाटणीचं दीड एकर मी स्वतः करायचं ठरवलं, ते त्याला पहिल्यापासून पटलेलं नाही. त्यात गेल्या वर्षी कांदाचाळीत भरलेला सगळा कांदा नागपंचमीच्या आत सडला. वास इतका, की रस्त्यानं जाणारी माणसं नाकाला पदर नि टॉवेल लावून माझ्या शेतीची चौकशी करायची. सुमित म्हणतो, रान शेजारच्या मारुतरावांना खंडानं कसायला द्या आणि खराडीला राहायला या, तिथं लिफ्ट आहे. लिफ्टनं वर जाऊन करायचं काय, ते मात्र तो सांगत नाही. शेवटी मी त्याला शब्द दिला, की यंदाचा कांदाही टिकला नाही तर रान खंडानं देऊन निमूट खराडीला येतो. तेव्हा यंदाचा कांदा ही माझी परीक्षा आहे. आयुष्यभर लोहमार्ग सांभाळला, आता दीड एकर सांभाळता येत नाही म्हणून हातात पिशवी घेऊन लेकाच्या दारात उभं राहायचं, हे मला फार लागेल. तुला सांगतो, त्याला सांगू नकोस.

कुणाला विचारून शिकावं म्हटलं, तर इथं माणूस एक वेळ बैल उसना देईल, पण माहिती देणार नाही. औषधाची बाटली संपली की लेबल खरवडून मगच बाटली फेकतात, शेजाऱ्याला नाव कळू नये म्हणून. कृषी सेवा केंद्रात दोन शेतकरी एकाच वेळी गेले, तर दोघंही नुसती सुतळी विकत घेऊन परत येतात. आपल्या बांधाला लागून असलेले मारुतराव, सोसायटीचे माजी चेअरमन, यांचा कांदा दिवाळीपर्यंत खणखणीत राहतो. त्यांना मी गेल्या वर्षी विचारलं होतं. त्यांनी आभाळाकडं हात केला आणि म्हणाले, "देवाची किरपा." आपल्या बाबतीत असं झालं की मनात आधी दुसरंच कारण येतं, आणि पुष्कळदा तेच खरं निघतं. पण त्यांचा सख्खा भाऊ खंडू भेटला, तो म्हणाला, "मलाबी किरपाच सांगितली की." ऐकून बरं वाटलं. निदान या एका बाबतीत मारुतरावांनी समता पाळली होती.

आणि मग डिसेंबरात तुझा तो प्रश्नांचा कागद आला. तू नैरोबीत काय करतेस हे मला गावात कधीच नीट सांगता आलेलं नाही. आफ्रिकेतल्या दहा देशांतले शेतीचे शास्त्रज्ञ नि शेतकरी एकमेकांना जोडायचे, एकाला ठाऊक असेल ते दुसऱ्याला कळवायचं, असं सांगितलं तर खंडूनं विचारलं, "आन् त्येचा पगार देत्यात?" तर त्या कागदात होतं, टांझानियातल्या शेतकऱ्यांना विचारायचंय, की कोल्ड स्टोरेज नसताना तुमच्याकडं कांदा इतके महिने कसा टिकवतात. तू लिहिलंस, चांगल्या शेतकऱ्यांना विचारून कळवा. मारुतरावांना डावललं असतं तर रुसले असते, म्हणून कागद घेऊन आधी त्यांच्याकडंच गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि टांझानिया कुठं आलं ते विचारलं. समुद्रापलीकडं, म्हटलं. तिथला कांदा केडगावच्या बाजारात येतो का? नाही. तळेगाव ढमढेऱ्याला? नाही. चाकणला? तिथंही नाही. मग म्हणाले, "लिवा."

प्राची, त्या माणसानं सगळं सांगितलं. घरातून कांदा मागवून हातात धरून सांगितलं. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं, निम्म्या पिकाच्या माना पडल्या की काढायचा, रानातच पातीनं झाकून सुकवायचा, मग मान बोटभर ठेवून पात कापायची, पुन्हा सावलीत वाळवायचा, आणि चाळीला खालून वारा पाहिजेच. गेल्या वर्षी मी काय केलं होतं? कांदा सहज उपटता यावा म्हणून आदल्या दिवशी पाणी दिलं, आणि दिसायला एकसारखा दिसावा म्हणून मान बुडापासून छाटली. रेल्वेची शिस्त. मारुतराव दर वाक्याला म्हणत होते, "टांझानियावाल्याला म्हनावं, येड्यासारखी मान छाटू नगं." आणि इथं टांझानियावाला खाली मान घालून लिहून घेत होता.

वर त्यांना स्वतःचा फोटोही पाठवायचा होता. त्यासाठी फेटा बांधून, पप्पू फोटोवाल्याला घरी बोलावून, दोन्ही हातांत कांदे घेऊन उभे राहिले. तो फोटो तू ऑफिसात लावलास हे कळल्यापासून गावात आफ्रिकेला ज्ञान पुरवायची साथच आली आहे. खंडू शेळीच्या पोटफुगीवरचा उपाय सांगून गेला. म्हाताऱ्या रंगुबाईनं हरभऱ्याला किडा न लागू देण्याची युक्ती सांगितली, पण त्याआधी सुनेला, अनुपमाला, पाण्याच्या निमित्तानं विहिरीवर पाठवून दिलं. सुनेला कळता कामा नये, टांझानियातल्या सुनांना कळलं तर हरकत नाही. ही सगळी पानं सोबत जोडली आहेत.

आता माझी अडचण. आपला कांदा रानात छान आहे, महिन्याभरात पाणी तोडायची वेळ येईल. मारुतरावांनी सांगितलं तसं केलं तर बांधापलीकडून त्यांना ते लख्ख दिसणार. खंडूनं केस कापायच्या दुकानात गमतीत का होईना, पण म्हटलंच, "कोंडिबामामानं लेकीचं नाव फुडं करून आमच्या दादाला गंडवलं नसलं म्हंजी बरं." माझं काय, मी ऐकून घेईन. पण तुझ्या कामाला तो डाग मला नको. तू एकटी एवढ्या लांब राहून जे करतेस त्यावर माझा कांदा झाकायचा नाही, म्हणून मी गेल्या वर्षीसारखंच करायचं ठरवून बसलो होतो. तुझी आई म्हणाली, "बसा मग लिफ्टमदी."

आणि गेल्या सोमवारी मारुतराव घरी आले. आजवर किती वेळा ओट्यापाशी आले असतील, चहा विचारला की "आत्ताच झाला" म्हणायचे. त्यांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असायचा. या वेळी तुझ्या आईनं सवयीनं विचारलं आणि स्वतःच आत जायला वळली, तर ते म्हणाले, "टाका थोडा. आफ्रिकेचं काम हाय, बसावं लागंल." बसले, आणि बशीत ओतून सगळा प्याले. मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी रागही आला. इतकी वर्षं आपण बांधाला बांध लावून राहिलो ते पुरलं नाही, टांझानिया लागला. तुझी आई आत भांडी जरा जोरातच घासत होती.

त्यांना या वेळी आफ्रिकेला काही सांगायचं नव्हतं, विचारायचं होतं. बांधालगतचं त्यांचं उसाचं रान पाणी देऊन देऊन चोपण झालंय. वर पांढरं मीठ फुललंय आणि ऊस गुडघ्याच्या वर येत नाही. "तिकडं आसल्या रानाला काय करत्यात, तेवडं इच्यारा." विचारताना ते माझ्याकडं बघत नव्हते, ओट्यावरून दिसणाऱ्या माझ्या रानातल्या चरांकडं बघत होते. आपलं दीड एकर याहून वाईट चोपण होतं, तुला आठवत असेल. रुळाखाली पाणी थांबलं की रूळ खचतो, एवढं एकच शास्त्र मला येतं, म्हणून मी आल्याबरोबर रानाला कडेनं चर खणले, त्यांत दगडगोटे भरले नि पाणी ओढ्याला काढून दिलं. तेव्हा सगळे हसले होते, इथून गाडी नेतोस का म्हणून. आज माझ्या रानात मीठ नाही. मी तो प्रश्न त्यांच्यासमोर लिहून घेतला. उठताना ते म्हणाले, "उत्तर आलं की वाचून दावा. आन् कांद्याचंबी काय आलं, तर तुमी बी बगा. तिकडनं आलेलं कुनाच्या बापाचं नसतंय." ते गेल्यावर तुझी आई बाहेर आली आणि म्हणाली, "झालं की. आता कशाची वाट बगताय?"

म्हणून हे पत्र, पोरी. सोबत माझ्या अक्षरातली आणखी दोन पानं आहेत. एकावर मारुतरावांनी सांगितलेला कांदा आहे, दुसऱ्यावर माझे चर. दोन्ही इंग्रजीत करून तुमच्या ऑफिसच्या छापील कागदावर घे, शिक्का असेल तर उमटव, आणि कांद्याचं माझ्या नावानं नि चरांचं मारुतरावांच्या नावानं, अशी दोन पाकिटं पाणी तोडायच्या आत पोचतील अशी टाक. तुझ्या कामात खोटं नको, म्हणून दोन्हींवर "एका अनुभवी शेतकऱ्याकडून" एवढंच लिही. ते खरंच आहे. तू विचारशील, आप्पा, बांधावरून दोन वाक्यं बोलता येत नाहीत का? मी बांधापर्यंत जाऊन आलो गं. ते पलीकडं उभे होते. कॅनॉलला पाणी कधी सुटणार, एवढं त्यांनी मला विचारलं, एवढंच मी त्यांना विचारलं, आणि दोघंही आपापल्या घरी आलो. पुढचं पुढं बघू. सध्या आम्हा दोघांना नैरोबीच जवळ पडतं.

तुझाच,
आप्पा